उतारावरची थरथर

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याचे दोन डोंगराळ तालुके. वेल्हे तालुक्याला आता राजगड तालुका असे नाव मिळाले आहे. पण लोकांच्या तोंडातले वेल्हे अजून गेलेले नाही, तेव्हा मीही तेच म्हणतो. या भागात मोटार चालविणाऱ्याला सपाट रस्ता थोडा आणि चढउतार फार. खानापूरहून डोंगर ओलांडून वेल्ह्याकडे येणारा पाबे घाट आहे. भोरहून मांढरदेवीकडे चढणारा आंबाडखिंडीचा घाट आहे. आणि निरा-देवघर धरणाच्या कडेकडेने जाऊन महाडकडे कोकणात उतरणारा वरंधा घाट तर सर्वांना ठाऊकच आहे. पावसाळ्यात दरडींच्या भीतीने तो अनेकदा बंद ठेवावा लागतो, आणि उघडा असतो तेव्हाही ज्याच्या गाडीला काही खोड आहे त्याने तेथे जाऊ नये हे बरे.

खोडीवरूनच आजचे बोलणे निघाले आहे. वेल्ह्याकडचे एक गृहस्थ माझ्या ओळखीचे आहेत. घरची भातशेती, आणि जोडीला एक जुनी, मागची चाके ओढणारी, जीपच्या जातीची गाडी. हंगामात तांदळाची पोती वाहावयाची आणि एरवी माणसे न्यावयाची, ज्याला आपल्याकडे वडाप म्हणतात तो धंदा. एके दिवशी ते आले आणि म्हणाले, "काका, चढाला काय बी न्हाई. सपाटीला बी न्हाई. उताराला ॲक्सिलरेटरवरनं पाय उचालला, का बुडाखाली कुणी चाळण हलवतंय आसं व्हतंय. पुन्यांदा पाय दिला का बंद."

त्यांनी उपाय केले नव्हते असे नाही. पुढची दोन टायरे नवी घातली. चाकांचे बॅलन्सिंग केले, अलाइनमेंट केली. एकाने सांगितले म्हणून शॉक ॲब्सॉर्बरही बदलले. पैसे गेले, थरथर राहिली. शेवटी गाडीतल्याच एका उतारूने तोडगा सुचविला. "उताराला न्यूट्रल करून सोडा की गाडी, डिझेलबी वाचंल." तसे केले, आणि काय चमत्कार, थरथर नाहीशी झाली. तेव्हापासून दोन महिने हे गृहस्थ पाबे खिंडीतून माणसे भरलेली गाडी न्यूट्रलमध्ये उतरवीत होते. मजकडे ते आले ते थरथरीसाठी नव्हे. घाट उतरल्यावर चाकांतून जळका वास येतो आणि ब्रेकचे पेडल खोल जाते, हे दाखविण्यासाठी आले होते. थरथरीची गोष्ट बोलता बोलता निघाली. औषध म्हणून जे घेतले त्याचेच हे दुखणे होते. म्हणून आपण प्रथम थरथर पाहू आणि मग न्यूट्रलकडे येऊ.

आधी उतारावर गाडीत काय घडते ते समजून घेतले पाहिजे. बैलगाडी हाकलेल्यांना हे सांगावे लागणार नाही. चढाला बैल गाडी ओढतात. उताराला मात्र गाडीच बैलांना रेटू लागते, आणि बैल मान मागे घेऊन, खूर रोवून तिला थोपवून धरतात. जोखड तेच, बैल तेच, पण जोर उलटा झालेला असतो. मोटारीतही असेच आहे. चढाला इंजिन चाकांना फिरविते. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की चाके इंजिनाला फिरवू लागतात, आणि इंजिन त्यांना अडवून धरते. इंजिन आणि चाके यांच्यामध्ये जेवढे म्हणून दांडे, सांधे आणि दाते आहेत, त्या सर्वांवरचा जोर एका क्षणात एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातो.

आता जात्याचा खुंटा आठवा. खुंटा सैल झालेला असला तरी दळताना तो एका बाजूला दाबलेला असतो, म्हणून वाजत नाही. हात ढिला सोडला की खुळखुळतो. यंत्रातल्या झिजलेल्या सांध्याचे तसेच आहे. जोपर्यंत इंजिन ओढीत आहे तोपर्यंत सांधा एका अंगाला दाबून बसतो आणि शहाण्यासारखा वागतो. जोर उलटला की त्याची जागा सुटते आणि तो डुलू लागतो. तेव्हा "फक्त पाय काढल्यावर थरथरते" या एका वाक्यातच निम्मे निदान आलेले असते. दुर्दैव असे, की हे वाक्य मिस्तरीपर्यंत पुरतेपणी पोचत नाही. गाडीवाला म्हणतो "गाडी हलते", आणि मिस्तरी चाके बॅलन्स करतो. त्यात त्याचाही फारसा दोष नाही. हलणाऱ्या दहा गाड्यांपैकी बहुतेकींचे दुखणे चाकांतच असते.

माझ्या या स्नेह्यांना घेऊन मी एका सकाळी सपाट, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर गेलो. ही परीक्षा घाटात करावयाची नाही, आणि सातारा महामार्गावर ट्रकांच्या रांगेत तर मुळीच नाही. एकाने गाडी चालवावी, दुसऱ्याने शेजारी बसून लक्ष द्यावे. चालविणाऱ्याने थरथरीकडे लक्ष देऊ नये, रस्त्याकडे द्यावे.

प्रथम ताशी ५० किलोमीटरचा वेग धरून गाडी एकसारखी चालविली. काही नाही. मग गिअर तसाच ठेवून पाय पूर्ण उचलला. वेग उतरू लागला तशी बैठकीखाली थरथर सुरू झाली, आणि ३५ पर्यंत टिकली. पुन्हा ५० चा वेग घेतला, आणि आता पाय उचलताना क्लच दाबून धरला. थरथर जवळजवळ नाहीशी. म्हणजे नुसत्या वेगाने ती होत नाही. चाकांचा उलटा जोर इंजिनापर्यंत जातो तेव्हाच होते. चाक वेडेवाकडे असते किंवा टायरला टेंगूळ असते, तर क्लच दाबल्याने त्याला काय कळणार होते? चाक तर तसेच फिरत होते.

आणखी एक परीक्षा बाकी होती आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. थरथर इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चालते की गाडीच्या वेगाबरोबर, हे ठरवावयाचे. त्यासाठी तोच रस्ता, तोच वेग, पण एक गिअर खाली. आता इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या, पण चाके आणि त्यांना फिरविणारा लांब दांडा यांच्या फेऱ्या होत्या तितक्याच राहिल्या. थरथर पूर्वीच्याच वेगाला आली, फक्त अधिक जोराने. याचा अर्थ दोष इंजिनात किंवा क्लचमध्ये नाही. तो गिअर बॉक्सच्या मागे कोठे तरी आहे. जोर वाढला तो खालच्या गिअरमध्ये इंजिन अधिक अडवून धरते म्हणून. याउलट गिअर बदलल्यावर थरथर वेगळ्या वेगाला आली असती, तर आम्ही इंजिन ज्या रबरांवर बसलेले असते त्यांच्याकडे वळलो असतो.

थरथरीची जातही काही सांगते. थोडे गणित करून पाहू. अशा गाडीच्या चाकाचा घेर सुमारे २.२ मीटर धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला ५ फेरे घेते. मागच्या आसाच्या पोटात जी दातेरी चक्रांची जोडी असते, तिचे प्रमाण चारास एक धरले, तर गिअर बॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणारा प्रोपेलर शाफ्ट सेकंदाला २० फेरे घेतो. या शाफ्टच्या टोकांना जे सांधे असतात, ते बिघडले तर एका फेऱ्यात दोन हिसके देतात. म्हणजे सेकंदाला ४०. सेकंदाला ५ हिसके असले तर ती धडधड असते, जवळजवळ मोजता येते, सुकाणू हातात नाचते. २० हिसक्यांना तळ झणझणतो. ४० ला पायाला मुंग्या आल्यासारखे वाटते आणि आरशातले चित्र पुसट होते. माझ्या स्नेह्यांनी "चाळण हलविल्यासारखे" म्हटले होते. चाळण सेकंदाला ५ वेळा हलत नाही. त्यांना गणित ठाऊक नव्हते, पण उपमा अचूक होती. सुकाणूत काहीही जाणवत नव्हते, सारे बैठकीखाली, हेही जुळत होते.

मग गाडी सावलीत, सपाट जागी घेतली. इंजिन बंद, चाकांना पुढे-मागे दगड. गाडीखाली जावयाचे असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नये, खाली भक्कम स्टँड दिलेच पाहिजेत. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, म्हणजे शाफ्ट मोकळा होतो. सांध्याच्या अलीकडचा भाग एका हातात आणि पलीकडचा दुसऱ्या हातात धरून उलटसुलट पिळावयाचे. या सांध्याला आपले मिस्तरी 'क्रॉस' म्हणतात, कारण त्याच्या मधोमध अधिक या चिन्हाच्या आकाराचा तुकडा असतो. त्याच्या चारही टोकांवर टोप्या असतात आणि टोप्यांत सुईएवढ्या बारीक रोलरांची रांग. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला काहीही खेळ लागता कामा नये. गिअर बॉक्सकडचा क्रॉस ठीक निघाला. मागच्या आसाकडचा मात्र हातात 'टक्‌' करून बोलला. टोप्यांच्या कडेला गंजाच्या रंगाची तांबूस भुकटी जमली होती. ही भुकटी म्हणजे आतले ग्रीस संपून सुया कोरड्या दळल्या गेल्याची खूण. वेल्ह्याच्या पावसात ओढे-नाले तुडवीत फिरणाऱ्या गाडीला हे होणारच. निप्पल होते, पण त्यावर चिखलाचे इतके थर होते की वर्षभरात कोणी ग्रीस भरले नसावे.

हा सांधा फार जुना आहे. सोळाव्या शतकातल्या कार्डानो या इटालियन गणितज्ञाचे नाव त्याला युरोपात अजून चिकटले आहे, आणि इंग्रज लोक सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकचे नाव देतात. सांध्याची सोय मोठी आहे, कारण वाकलेल्या स्थितीतही तो फेरे पुढे पोचवितो. पण त्याला एक जन्मजात खोड आहे. वाकलेला असताना तो एकसारखे फेरे देत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. बाक १० अंशांचा असेल तर ही धावपळ सुमारे दीड टक्का मागे-पुढे इतकी होते. म्हणून शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे असतात, आणि एकाची खोड दुसऱ्याने फेडावी अशी योजना असते. मात्र दोघांचा बाक सारखा असेल आणि दोघांचे काटे एका रेषेत बसविलेले असतील, तरच ही फेड होते.

येथे गाडीवाल्यांच्या एका सवयीबद्दल बोलले पाहिजे. पोती जास्त भरता यावीत म्हणून मागच्या कमानीत जादा पाटा टाकून घेण्याची चाल आपल्याकडे सर्रास आहे. आमच्या या गाडीतही तो होता. त्याने गाडीचा मागचा भाग उचलला जातो आणि सांध्यांचे बाक बदलतात. शिवाय मागचा आस काही स्थिर नसतो. इंजिन ओढत असते तेव्हा आसाचे पुढचे नाक किंचित वर उचलले जाते, आणि पाय काढल्यावर इंजिन अडवू लागले की ते खाली झुकते. पाट्याचे यू-बोल्ट सैल असतील तर अधिकच. म्हणजे चढाला एक बाक आणि उताराला दुसरा. पोती भरलेली असताना जो हिशेब जेमतेम जुळतो, तो रिकाम्या गाडीत उतारावर चुकतो. जादा पाटा टाकूच नये असे मी म्हणत नाही, धंदा करणाऱ्याला ते सांगणे सोपे नाही. पण टाकल्यावर गाडी थरथरू लागली, तर तो पाटा आठवावा.

क्रॉस बदलण्याचे काम गावातल्या मिस्तरीनेच केले, आणि चांगले केले. त्याने शाफ्ट उतरविण्यापूर्वी दोन्ही बाजूंना रंगाच्या खुणा केल्या. हे पुष्कळ जण करीत नाहीत. मधला सरकता सांधा एक-दोन दाते चुकवून बसविला, तर पुढचे-मागचे काटे रेषेत राहत नाहीत, आणि मग गाडी चढालाही थरथरते आणि उतारालाही. नवी टोपी ठोकून बसविताना आतली एखादी सुई आडवी पडते, हेही नेहमीचे. टोपी पुरती बसली नाही, तर हातोडा न वाढविता ती काढून पाहावी. शेवटी चारही टोप्यांच्या कडेने ताजे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरावे. एका टोपीतून आले म्हणजे झाले असे नाही. क्रॉसची किंमत एका टायरच्या मानाने अगदीच थोडी. हे ऐकून आमचे स्नेही थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.

त्या मोडक्या क्रॉसवर गाडी आणखी काही महिने चालली असती तर? क्रॉस तुटला की शाफ्ट सुटून रस्त्यावर आपटतो. तो पुढच्या टोकाला सुटला तर टोक रस्त्यात रुतून गाडी उधळण्याची भीती असते. आणि त्या क्षणापासून इंजिन चाकांना अडवू शकत नाही. काही जुन्या जीपगाड्यांत तर हातब्रेकही चाकांवर नसून गिअर बॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. तेथे शाफ्ट तुटला म्हणजे हातब्रेकही गेला.

नवा क्रॉस घालून पुन्हा त्याच रस्त्यावर गेलो. थरथर गेली. पण ती गेल्यावर तिच्याखाली दडलेला एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला. पाय काढल्यावर मागून "हूंऽऽ" असा घोष, आणि पाय दिल्यावर बंद. हा दाते आणि बेअरिंगचा आवाज. मागच्या आसाच्या पोटात शाफ्टला जोडलेले लहान चक्र म्हणजे पिनियन, आणि ते ज्या मोठ्या चक्राला फिरविते ते क्राऊन. चढाला पिनियनच्या दात्यांचा एक अंग काम करतो, उताराला दुसरा. दाते तिरपे असल्यामुळे पिनियनला लांबीच्या दिशेनेही जोर बसतो. इंजिन ओढीत असताना ते पुढे, बाहेरच्या बाजूला रेटले जाते. पाय काढला की मोठ्या चक्राकडे आत ओढले जाते. त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या निमुळत्या बेअरिंगमधला ताण कमी झाला, की ते ढोलीतल्या पक्ष्यासारखे आत-बाहेर करू लागते. शाफ्टचे मागचे टोक धरून वरखाली आणि पुढेमागे हलविले, तर हा खेळ हाताला लागतो. आमच्या गाडीत तो किंचित लागला, आणि तेथल्या सीलमधून तेलही पाझरलेले होते. तेलाची पातळी पाहिली, कमी होती. ती भरली. बेअरिंगचा ताण बसविणे हे मोजमापाचे काम आहे. नट हाताच्या अंदाजाने आवळला तर आज आवाज जातो आणि महिन्याभरात बेअरिंग जाते. ते काम वर्कशॉपमध्येच करून घ्या असे मी सांगितले.

हे सारे मागची चाके ओढणाऱ्या गाड्यांचे झाले. १९८३ च्या अखेरीस मारुतीची छोटी मोटार आली, तेव्हापासून आपल्या रस्त्यांवर पुढची चाके ओढणाऱ्या गाड्या वाढत गेल्या. बहुतेक लहान मोटारी आता त्याच जातीच्या असतात. त्यांत लांब शाफ्ट नाही, मागे पिनियन नाही. तेथे उतारावर थरथर आली तर पहिला संशय इंजिनाच्या रबरी बैठकींवर घ्यावा. रबर फाटले किंवा तेलाने कुजले, की पाय काढल्याबरोबर इंजिन एका अंगाला कलंडते, 'धप्प' असा आवाज येतो आणि सारी गाडी गुणगुणू लागते. कधी कधी तर इंजिन कलंडून धुराचा नळ तळाला टेकतो एवढेच कारण असते. लोंबत्या नळाचे एक रबर बदलले की काम होते. अशा एका मोटारीचा गिअर बॉक्स उघडून ठेवलेला मी पाहिला आहे. कोठे, ते सांगत नाही. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे आतले सांधे झिजले, तर थरथर बहुधा उलट वेळी, म्हणजे जोर लावताना, चढाला येते. चिखलणीच्या दिवसांत त्या सांध्यांवरची रबरी पिशवी फाटली आहे का, एवढे मात्र पाहत जावे.

मोटारसायकलवाल्यांनाही दोन शब्द. मूठ सोडल्यावर गाडी गचके देऊ लागली, तर साखळीचा ढिलेपणा आणि मागच्या दातेरी चक्रामागचे रबर पाहावे. तत्त्व तेच आहे, जोर उलटल्यावर ढिले ते वाजते. आणि ब्रेक दाबल्यावरच जी थरथर येते, तिचा आजच्या विषयाशी संबंध नाही. ती ब्रेकच्या ड्रमाची किंवा चकतीची, आणि तिचा शोध तेथेच घ्यावा.

आता न्यूट्रलचे. आमच्या स्नेह्यांची थरथर न्यूट्रलमध्ये का गेली, हे आता कळले असेल. इंजिन अडवीत नाही म्हणून सांध्यावर उलटा जोर येत नाही, म्हणून तो डुलत नाही. दुखणे होते तेथेच होते, फक्त बोलावयाचे थांबले. पण जे काम इंजिन करीत होते ते गेले कोठे? ते सारे ब्रेकवर आले. २००० किलो वजनाची भरलेली गाडी ३०० मीटर उंची उतरली, तर जी उष्णता कोठे तरी जिरावी लागते, तिच्यात १८ लिटर साधे पाणी उकळीला येईल. हंडाभर पाण्याखाली चूल पेटवावी, तशी ही चूल चार चाकांच्या ब्रेकांत पेटते. लायनर तापून गुळगुळीत होतात आणि पकड सोडू लागतात. त्यातून ब्रेकच्या नळ्यांतला द्रव हवेतील ओल शोषून घेणारा. साध्या प्रतीचा नवा द्रव किमान २०५ अंशांना उकळतो, पण पाणी शोषलेल्या द्रवाला मानकाप्रमाणे १४० अंशांचीच अपेक्षा असते. आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ओलीला काय तोटा! द्रव उकळला की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल खोल जाते. पाबे घाटाच्या पायथ्याशी आमच्या स्नेह्यांचे पेडल खोल जात होते ते हेच असावे. आणखी दोन वळणे असती तर, हा विचार त्यांनी केला नव्हता. मी करून दाखविला.

"पर डिझेल तर वाचतंय ना?" असे त्यांनी विचारलेच. कार्ब्युरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांच्या काळात या समजाला थोडा आधार होता. आजच्या गाड्यांत नाही. गाडी गिअरमध्ये आणि पाय पूर्ण उचललेला, असे असताना हल्लीची इंजिने इंधन घेणेच बंद करतात, कारण त्यांना चाके फिरवीत असतात. जुन्या डिझेल पंपाचा गव्हर्नरही हेच करतो. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन आपल्या आपण चालू राहण्यासाठी थेंब थेंब पितच राहते. काही महाभाग तर इंजिनच बंद करून गाडी सोडतात. त्यांच्या ब्रेकला मिळणारी निर्वात टाकीची मदत दोन-तीन दाबांत संपते, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर सुकाणूही जड होते.

घाट कोणत्या गिअरमध्ये उतरावा, याचा जुना ठोकताळा असा, की ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावा. आणि तो गिअर उतार सुरू होण्यापूर्वी टाकावा. वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही, आणि त्या खटपटीत गाडी मधल्या मध्ये न्यूट्रलमध्ये सापडते.

लायनर बदलून, ब्रेकचा द्रव नवा भरून, आम्ही पुन्हा खिंडीत गेलो. समोर तोरणा आणि राजगड ढगांतून अर्धे बाहेर आले होते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सोडली. इंजिन गुरगुरत होते, तळ मात्र शांत होता. निम्म्या घाटापर्यंत त्यांनी ब्रेकला चार-पाच वेळाच पाय लावला असेल. पायथ्याला थांबून चाकांजवळ हात नेऊन पाहिला. ऊब होती, पण वास नव्हता.

मागचा तो बारीक घोष अजून होता. पिनियनचे काम केव्हा करणार, असे मी विचारले.

ते म्हणाले, "भाताची काढनी व्हऊ द्या काका. तवर सीलखाली रोज कागद हातरतो. डाग वाढला, का त्याच दिशी गाडी वर्कशॉपला."